बाबांनी जपून ठेवलेली गाडी

माझ्या वयाची माणसं एव्हाना योगाला लागतात, नाहीतर शेअर बाजाराला. मी ब्रेक ऑइलला लागलो. कुणीतरी कधीतरी जोडलेल्या प्लॅस्टिकच्या जुन्या मॉडेल गाड्या मिळवायच्या, त्यांच्यावर थापलेला रंग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून सोडवायचा, टूथब्रशने घासायच्या, मोडके आरसे आणि बंपर नव्याने घडवायचे, परत रंगवायच्या आणि कपाटावर मांडायच्या, हा माझा उद्योग. तळहाताएवढी एक गाडी नीट व्हायला गणपती ते होळी एवढा काळ जातो. खऱ्या गाडीची स्टेपनी बदलायची वेळ आली की मी मेकॅनिकला फोन करतो. बायको पाहुण्यांना सांगते, "ह्यांचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक नाही, उत्पन्न नाही, वास मात्र भरपूर."

पाहुणे हसतात. मीही हसतो, कारण नाही हसलो तर ती फ्रीजरची गोष्ट काढते.

ती गोष्ट मीच सांगतो, पण त्याआधी शोकेसबद्दल सांगायला हवं. वसईच्या आमच्या जुन्या घरात बाहेरच्या खोलीत एक शोकेस होतं. कधीही पाणी न पाहिलेले काचेचे ग्लास, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर न आलेली बाहुली, उजेडाचा ताजमहाल, ज्याची वायर कधीच प्लगला लागली नाही. आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसे, दाखवायची असे. शोकेसला कुलूप होतं आणि किल्ली बाबांच्या शर्टाच्या खिशात.

मधल्या फळीवर मध्यभागी एक खोकं होतं. त्यावर लाल, छप्पर नसलेल्या, मागे माशासारखे पर फुटलेल्या परदेशी गाडीचं चित्र. शेजारचे काका जहाजावर नोकरीला होते, ते एका नाताळात घरी आले तेव्हा त्यांनी करंज्यांच्या ताटाबरोबर माझ्यासाठी पाठवलेलं ते मॉडेल किट होतं. आत सगळे सुटे भाग, ते आपण जोडायचे आणि गाडी तयार करायची. करंज्या मला मिळाल्या. खोकं बाबांनी काढून घेतलं आणि म्हणाले, दहावीला फर्स्ट क्लास आण, मग उघडू.

मी त्या शोकेससमोर बसून अभ्यास केला, हीच माझी चूक झाली. भूमितीच्या पुस्तकापेक्षा त्या खोक्यावरचं चित्र मला जास्त पाठ झालं. साठ लागत होते, अठ्ठावन्न टक्के आले. शेजारच्या इमारतीत त्या दिवशी एका मुलाला चपलेने बडवलं. माझे बाबा एक शब्द बोलले नाहीत. निकाल बघितला, कागदाची दोनदा घडी घातली आणि मला चक्क आइस्क्रीम खायला पैसे दिले. मला वाटलं, आपल्यावरून त्यांचा विश्वास इतका उडालाय की रागवायचेही कष्ट घेत नाहीत. पुढे मी पदवीला फर्स्ट क्लास आणला आणि धीर करून खोक्याचा विषय काढला. बाबा म्हणाले, "ठरलं होतं ते दहावीचं."

मग नोकरी लागली, लग्न झालं, केस पांढरे व्हायला लागले. स्वतःच्या पगारातून मी इतरांच्या मोडक्या गाड्या आणून नीट करत राहिलो आणि माझी गाडी काचेआड बसून राहिली. एका पन्नाशीच्या माणसाने वडिलांच्या खिशातल्या किल्लीकडे कसं बघावं याला काही रीत नाही. मी चोरून बघायचो.

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. नवी होईपर्यंत विरारला भाड्याच्या घरात राहायचं ठरलं. शोकेस तिथल्या दारातून आत जाणार नव्हतं. भंगारवाल्याने ते जागेवरच मोडलं. ग्लास आईने कामवाल्या बाईंना देऊन टाकले. ताजमहाल लावून पाहिला, तो लागला, आणि सगळे थोडा वेळ अपराधी चेहऱ्याने त्याच्याकडे बघत राहिलो. खोक्याला मात्र बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. टेंपोत नको, म्हणाले. रिक्षात मांडीवर घेऊन बसले, शेजारी मी.

तो रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्याच खड्ड्याला खोकं उडालं आणि आतून आवाज आला. आता, न उघडलेल्या किटचे भाग प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लगडलेले असतात. ते हलले तर पापडांच्या डब्यासारखी सळसळ होते. हा आवाज तसा नव्हता. आत एकच काहीतरी जड, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घरंगळत गेलं. दहा वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला तो आवाज कळतो. मी बाबांकडे पाहिलं. बाबा बाहेर बघत होते, इतक्या एकाग्रतेने, जसं काही ते उड्डाणपूल पहिल्यांदाच पाहत होते.

भाड्याच्या घरात खोकं त्यांच्या स्वेटरांखाली गेलं. संध्याकाळी ते बागेतल्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर जातात. एका संध्याकाळी ते गेले आणि मी स्वेटर उचलले.

लहानपणापासून मी ज्याला परदेशी पॅकिंग समजत होतो, तो फळवाल्याकडचा जिलेटीन कागद निघाला. आत चिकटपट्टी, पिवळी पडलेली, आपल्याकडचीच. आणि त्याच्या आत गाडी. जोडलेली. जोडलेली म्हणणं हा माझा मोठेपणा. अर्ध्या सांध्यांना पंक्चर काढायचं सोल्यूशन, अर्ध्यांना दोन ट्यूबा कालवून लावायचा तो गोंद, दोन्ही ओघळून वाळलेले. एक दार उलटं. स्टिअरिंग मुळात डावीकडे होतं, ते उपटून उजवीकडे चाकूने भोक पाडून बसवलेलं. आणि मागचा आस लाल-पांढऱ्या बारीक वायरीने बांधलेला. ती वायर मी कुठेही ओळखली असती. बाबा टेलिफोन खात्यात होते. खात्यात टाकून दिलेल्या तुकड्यांनी आमच्या घरात पडदे बांधलेले होते, कुंड्या टांगलेल्या होत्या, माझं दप्तर शिवलेलं होतं.

पहिली पाच मिनिटं मला नुसता राग आला. दोन टक्क्यांसाठी मी सगळं तारुण्य मान खाली घालून काढलं आणि हा माणूस आधीच पेपर फोडून बसला होता.

आई भाजी निवडत होती. मी गाडी तिच्यासमोर धरली. तिने चष्मा वर केला, एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सापडली का? बरं झालं. स्वेटरांना वास येत होता."

मग तिने सांगितलं ते असं. माझी परीक्षा चालू असताना बाबांच्या मनात आलं की निकालाच्या दिवशी पोराला खोकं नको, आयती तयार गाडी द्यावी. रजा काढून मागच्या बाल्कनीत बसले. मी पेपरला, ते गाडीला. पहिल्या दिवशी दोन बोटं एकमेकांना चिकटली, ती आईने खोबरेल तेल लावून सोडवली. तिसऱ्या दिवसापर्यंत गाडीचं जे व्हायचं ते झालं होतं. दुसरं किट मिळतंय का म्हणून मुंबईभर हिंडले, मिळालं नाही. मग रोज देवाला हात जोडायला लागले. आईला वाटलं, पोरासाठी.

"तुझा निकाल लागला ना," आई म्हणाली, "तेव्हा सगळ्या वसईत एकच बाप खूश होता."

ते आइस्क्रीम मला आत्ता कळलं.

आई मात्र हसत नव्हती. म्हणाली, घर हलवायचं ठरल्यापासून त्यांना झोप नाही. तू ते उघडशील, तुला कळेल, ह्या वयात तुझ्यासमोर तोंड कसं दाखवू, असं रोज म्हणतात. जेवण अर्धं टाकतात. काहीतरी कर, पण त्यांना कळू देऊ नकोस की तुला कळलंय.

मला एकच गोष्ट करता येते. मी ठरवलं, गाडी सुटी करायची. सगळा गोंद काढायचा, एकेक भाग कारखान्यातून आल्यासारखा करायचा, खोकं परत बांधून ठेवायचं. म्हणजे बाबा ते मला देतील, आम्ही उघडू, आणि आत काही झालंच नव्हतं असं होईल. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "लोक जुनी गाडी नवी करतात. तुम्ही तर तिला जन्माच्या आधी नेऊन ठेवताय."

सोल्यूशन बोटाने चोळून निघालं. तो दुसरा गोंद थंडीत ठिसूळ होतो, म्हणून गाडी फ्रीजरमध्ये. आमच्या फ्रीजरमध्ये कळंबच्या किनाऱ्यावरून आणलेली पापलेटं होती. मी त्यांच्यामध्ये तिला पार्क केली. सकाळी बायकोने डबा समजून ती बाहेर काढली, ओट्यावर आपटली, आणि उलटं दार आपोआप सुटलं. एवढं सुबक काम माझ्या हातून कधी झालेलं नाही. पुढचे कित्येक दिवस गाडी आत-बाहेर करत राहिली आणि आमच्या घरातली पापलेटं गोंदाचा आणि गाडी पापलेटांचा वास मारत राहिली.

टायर नरम पडून जिथे टेकले होते तिथलं प्लॅस्टिक त्यांनी खाल्लं होतं, ते पुट्टी भरून घासलं. स्टिअरिंगचं उजवीकडचं भोक बुजवलं. बंपरांचं क्रोम उडालं होतं, ते घेऊन वालीवला गेलो. तिथे एका गाळ्यात अत्तराच्या बाटल्यांची बुचं चकचकीत करतात. गाळेवाल्याने बंपर चिमटीत धरून विचारलं, हे कशाचं झाकण आहे. मी म्हटलं, गाडीचं. त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि हजारो बुचांच्या ओळीत माझे दोन बंपर टांगले. शेवटी सगळे भाग दुसऱ्या किटच्या काड्यांना मी गोंदाच्या थेंबांनी परत लटकवले. जोडलेली गाडी सोडवून पुन्हा न जोडलेली वाटावी म्हणून चिकटवणारा माणूस महाराष्ट्रात दुसरा नसावा. जिलेटीन कागद नवा आणला. खोकं स्वेटरांखाली गेलं. आईने बाबांच्या मागे लकडा लावला, कपाटात जागा नाही, देऊन टाका त्याला.

रविवारी सकाळी चहाला बाबा खोकं घेऊन बाहेर आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी आश्चर्याचा चेहरा तयार ठेवला होता. तो वापरायची वेळच आली नाही. खोकं टीपॉयवर ठेवून ते उभ्या उभ्या म्हणाले, "उघडायच्या आधी ऐक. आत गाडी नाही, घाण आहे. मी केलीय. तुझ्या मार्कांचा काही संबंध नव्हता. नव्वद असते तरी मी देऊ शकलो नसतो."

आई माझ्याकडे बघायला लागली, मी बायकोकडे. बाबांनी कपाळ पुसलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी जड उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. मग पुरावा दाखवायला त्यांनी स्वतः कागद फाडला आणि झाकण काढलं.

आत सगळे भाग लखलखीत, काड्यांना लगडलेले, जसे जहाजातून उतरले होते तसे.

बाबा खाली बसले. एक चौकट उचलून उलटी केली, सुलटी केली. दुसरी उचलली. खोक्याचा तळ बोटाने चाचपला. "मी लावली होती," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "बाल्कनीत बसून. हिला विचार. बोटं चिकटली होती." आईकडे बघत पुन्हा म्हणाले, "चिकटली होती ना गं?"

ऐंशी ओलांडलेला माणूस मागच्या वर्षीपासून नावं विसरायला लागला होता, चष्मा कपाळावर असताना शोधायचा, आणि त्याबद्दल आम्ही त्याची टिंगल करायचो. आत्ता त्याला वाटत होतं, आपण एवढी वर्षं उराशी धरलेलं पाप घडलंच नव्हतं. माझ्या कारागिरीचं असं चीज झालेलं मला बघवेना.

"चिकटली होती बाबा," मी म्हटलं. "गाडी तुम्हीच लावली होती. मी सोडवली."

मग फ्रीजर, पापलेटं, वालीवची बुचं, सगळं सांगितलं. आईने तिचंही सांगितलं. बाबा ऐकत होते आणि हळूहळू लाल होत होते. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. ते भडकले.

"एवढी वर्षं मी कबुलीची हिंमत गोळा करतोय," बाबा म्हणाले, "आणि तू पुरावाच धुऊन टाकलास? तुला कुणी सांगितलं होतं?"

मी आईकडे बोट दाखवलं. आईने चहाचे कप उचलले आणि आत गेली.

काड्यांवरची चारही चाकं बाबांनी एकेक करून हलवून पाहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू सोडवलीस तेव्हा चाकं फिरत होती का?"

मी आठवून पाहिलं. खोटं बोलायची आता काही गरज नव्हती. मागचा आस वायरीने आवळलेला होता, तो जाम होता. पण पुढची चाकं, ओघळलेल्या गोंदातूनही, बोट लावलं की सुटी फिरायची.

"पुढची दोन फिरत होती," मी म्हटलं.

"फिरत होती ना?"

"छान फिरत होती."

बाबांनी मान हलवली. स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "दोन चाकं फिरत होती म्हणतो हा." मग खोक्यातला सूचनांचा कागद काढून मांडीवर पसरला आणि मला म्हणाले, जरा बाजूला सरक, उजेड अडतोय.