संडासात दिवा आहे का?

“लोही पडे छे?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. संडासातून रक्त जातं का, एवढंच त्यांना हवं होतं.

“नही,” हिलालआबा म्हणाले.

“कब्जियात. थोडा हरस हशे.” म्हणजे बद्धकोष्ठ, असली तर जरा मूळव्याध. इसबगोल, मलम, रक्तवाढीच्या गोळ्या. पेन खाली ठेवून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारलीसुद्धा.

मी शेजारच्या खुर्चीत होतो. सुरतेत बमरोलीच्या रस्त्यावरचा हा ट्रस्टचा दवाखाना. मी इथे असिस्टंट. ताप, खोकला, जुलाब माझ्याकडे. बाकी सगळं मोठ्या डॉक्टरांकडे. आबा उठले तेव्हा त्यांच्या पायजम्याची नाडी मला दिसली. गाठीच्या खाली जुन्या गाठीची चुरगळलेली खूण होती, आणि ती नव्या गाठीपासून बरीच दूर होती. माणूस कमरेत आटला होता. डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या तर आतून पांढऱ्या.

आबा पावरलूमवर कारीगर. मूळ गाव अमळनेरकडचं. आमचंही तिकडचंच, त्यामुळे त्यांची अहिराणी मला कळते. मी त्यांना माझ्या टेबलाकडे घेतलं.

“पोट साफ होतं का, आबा?”

“कशानं होस? जाई उना का परत जावासं वाटस. आते बी वाटी राह्यनं.”

“किती दिवस असं?”

“दिवाळीपाशी.” दिवाळीपासून, आणि आता उन्हाळा लागला होता.

पन्नाशीच्या माणसाची संडासची सवय महिनोन्महिने बदललेली, वजन उतरलेलं, अंगात रक्त नाही. असं असेल तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर नाही ना, हे आधी बघायचं आणि मग इसबगोल द्यायचं, असं आम्हाला शिकवलेलं. मी उठून मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

“सर, यांना सर्जनकडे रेफर करू या.”

रेफर करणं म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी देणं. ती असली की शहरातले सर्जन ट्रस्टचा पेशंट म्हणून त्याच आठवड्यात बघत. माझ्या सहीला तिथे कोणी विचारत नसे.

“रक्त जात नाही म्हणाला ना तो?”

“म्हणाला. पण—”

“भाई, प्रत्येक कब्जियातला चिठ्ठी दिली तर सर्जन उद्यापासून माझी चिठ्ठी वाचायचे नाहीत. मग खरा पेशंट आला की काय करशील? मोर्चा काढशील?” मग माझ्याकडे बघून हसले. “तमे डॉक्टर छो के नेता?”

राग आला. पण त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. चिठ्ठ्या ते जपून वापरत, म्हणूनच त्या चालत. मी परत आबांसमोर बसलो.

“आबा, नीट आठवून सांगा. रक्त खरंच दिसत नाही?”

आबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोललो होतो.

“भाऊ, अंधारामा काय दखाई?”

प्लेगनंतर सुरत चकाचक झाली असं सगळे म्हणतात. आबांच्या वस्तीत संडास नव्हते. बाप्ये आणि बाया, सगळ्यांनी उजाडायच्या आत नाल्याकडे जाऊन यायचं. लाज राखायची तर अंधार हवा. लूमच्या शेडमागे एक आडोसा होता, त्यातला बल्ब कधीचा उडालेला. या माणसाने दिवाळीपासून आपली शी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. आणि आम्ही त्याला टेबलामागून विचारत होतो, रक्त पडतं का? तो खरं तेच सांगत होता. प्रश्नच उजेडात, पांढऱ्या फरशीवर बसणाऱ्यांचा होता.

“आता जावंसं वाटतंय म्हणालात ना? इथेच जा. आमच्या संडासात बल्ब आहे. पाणी टाकू नका. मला बोलवा.”

“तुमना संडासमा?” आबा संकोचले. तो डॉक्टरांचा संडास होता.

“जा म्हणतो ना!”

ते गेले. मी दाराबाहेर उभा राहिलो. मग कडी निघाली. आबांनी दारातून बाजूला होऊन मला आत बघू दिलं.

“लालच शे सम्दं,” ते हळूच म्हणाले. “घर कोनले सांगू नका.”

मी मोठ्या डॉक्टरांना हाताला धरून आणलं. त्यांनी पाहिलं. लगेच हातमोजा मागितला. गुदद्वारातून बोटाने आत तपासायचं असतं. दोन मिनिटांचं काम, पण पेशंटला लाज वाटते आणि डॉक्टरला कंटाळा येतो, म्हणून राहून जातं. आबांनी डोळे मिटून माझं मनगट घट्ट धरलं होतं. मोठ्या डॉक्टरांचं बोट एका जागी थांबलं.

“कडक गाठ आहे,” हातमोजा काढताना ते मला म्हणाले. चिठ्ठी लिहिली, आणि वर सर्जनला फोनही केला. “उद्या सकाळी.”

“उद्या नही,” आबा म्हणाले. “आखाजी करीसन येस.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या सणाला लग्न झालेली लेक माहेरी येते, झोके बांधतात. सुरतेतली अर्धी खानदेशी माणसं तेव्हा गावाला जातात, आणि लग्नसराई उरकल्याशिवाय परतत नाहीत.

“आबा, हे थांबणार नाही.”

“पोर वाट दखी ना! पह्यली आखाजी शे तिनी. बाप नही तं कशानं माहेर?”

मी कितीतरी बोललो. आवाज चढवला. मोठ्या डॉक्टरांनी मला हाताने गप्प केलं आणि मोडक्या हिंदीत आबांना विचारलं, “लडकी को इधर बुलाओ ना. माहेर किधर होता है? बाप जिधर, उधर.”

आबांनी लेकीला निरोप द्यायला माझ्याकडून गावच्या दुकानाचा नंबर फिरवून घेतला.

लेकीची पहिली आखाजी सुरतेत, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात झाली. तिने डब्यातून पुरणपोळी आणली होती. बापाला खायची परवानगी नव्हती, म्हणून ती मी खाल्ली. गाठ कॅन्सरचीच निघाली. ऑपरेशन झालं. संडासची वाट आता पोटावर, त्याला पिशवी. लूमसमोर दिवसभर उभं राहणं संपलं. आबा बसून बॉबिन भरतात. पुढचं कोणी सांगू शकत नाही, सर्जनही नाही.

परवा ते दवाखान्यात आले होते. मी विचारलं, कसं आहे?

“आते दखास, भाऊ,” पिशवीवर हात ठेवून म्हणाले. “रोज दखास.”

मोठे डॉक्टर अजून चिठ्ठ्या जपूनच देतात. पण रक्त पडतं का विचारण्याआधी ते आता पेशंटला विचारतात, “क्यां जाव छो? त्यां बत्ती छे?” कुठे जाता, तिथे दिवा आहे का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. मग ते मानेनेच मागचं संडासाचं दार दाखवतात.

वस्तीत संडास अजून झालेले नाहीत. आमच्या संडासातला बल्ब मात्र मी शंभरचा बसवला आहे.