धुरपताबाईचं ‘आय ॲम कमिंग’

मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटवर गाईडचं काम करणाऱ्या धुरपताबाईला इंग्रजी शिकायचं होतं, आणि त्यामागे देवाधर्माचं काही कारण नव्हतं. गावाजवळच्या एका रिसॉर्टला परदेशी पाहुण्यांसोबत जंगलात जाणारी बाई कायमची कामावर हवी होती. गेटवर नंबर लागला तर गाडी मिळायची, पावसाळ्यात सफारी बंद झाली की घरी बसायचं. रिसॉर्टचं काम बारमाही होतं. तिथला मॅनेजर अश्वजित चंद्रपूरचाच. तो म्हणाला होता, “बाई, जंगल तुमाले येते. इंग्रजीचं तेवढं करून आना.”

आना म्हणे! इंग्रजी काय बाजारात पावशेराच्या मापानं मिळते?

अमेरिकेतल्या कुठल्याशा चर्चची मंडळी दर हिवाळ्यात दोन आठवड्यांसाठी गावात येत आणि समाजमंदिरात फुकट इंग्रजी शिकवत. मंडळी मनानं चांगली, त्यांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण दर वर्षी माणसं नवी, आणि दर वर्षी सुरुवात ‘माय नेम इज’पासून. मग हातवाऱ्यांचं गाणं, मग येशूची गोष्ट, मग फोटो. एका वर्षी तर कापूस चिकटवून बर्फाचा माणूस करायला शिकवलं. धुरपताबाई ओल्या डिंकाचे हात घेऊन बसली आणि तिचं डोकं सणकलं. गाडीतून खाली उतरू नका, एवढं एक वाक्य तिला हवं होतं, आणि ते काही केल्या कोणी शिकवेना. आपलं नाव सांगण्यातच तिचे तीन हिवाळे गेले.

यंदा ग्रेस आली. तिकडच्या शाळेतली शिक्षिका, वयानं धुरपताबाईएवढीच. तिनं ओळखलं की ह्या बाईला गाण्यात रस नाही. रोज वर्ग सुटल्यावर ती हिला घेऊन पायरीवर बसायची. प्लीज सिट डाउन. डोन्ट शाउट. स्टे इन द जीप. धुरपताबाई घरी भात शिजवतानाही तेच पुटपुटायची. अश्वजित एकदा येऊन ऐकून गेला आणि खूश झाला. “ग्रेस मॅडमले फोनवर एकदा विचारतो, आन् पुढच्या सोमवारी या तुमी कामावर,” म्हणाला.

शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला. धुरपताबाईला दुपारच्या सफारीची गाडी होती, तिला निघायचं होतं. तिनं ग्रेसचे दोन्ही हात धरले आणि इकडचं कुणीही उठताना जे म्हणतं तेच, नीट इंग्रजीत करून म्हटलं, “आय ॲम कमिंग, मॅडम.”

ग्रेसचा चेहरा उतरला. तिनं काहीतरी विचारलं. त्यातलं ‘अमेरिका’ एवढंच हिला कळलं. मॅडम घरी चालल्या, तेच सांगत असतील, असं वाटून हिनं मान डोलावली. “येस, मॅडम. आय ॲम कमिंग.”

ग्रेसनं तिला मिठी मारली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि कितीदा तरी सॉरी म्हणाली. किती जीव लावला बाईनं, असं म्हणत धुरपताबाईही डोळे पुसत गेटवर गेली.

सोमवारी धुवून इस्त्री केलेली साडी नेसून ती रिसॉर्टवर पोचली. अश्वजित नजर चुकवत होता.

“ग्रेस मॅडमनं फोनवर लय तारीफ केली तुमची. पन म्हने, बाईचं मन इथी नाई, ते आमच्यासंग अमेरिकेले याले निघाली होती. मालक म्हनले, आपन तयार कराचं आन् बाई उडून जाईन. दुसरी घेतली, बाई.”

“अमेरिकेले? मी? माह्या बकऱ्या कोन पाहीन?” धुरपताबाईचा आवाज चढला. मग एकदम तिनं कपाळाला हात लावला. “अजी, मी ‘येतो’ म्हनलं! निघताना ‘येतो’च म्हनते ना मानूस? ‘जातो’ म्हनून गेलेला परत येते का?”

अश्वजितला क्षणभरानं उमगलं आणि तो पोट धरून हसत सुटला. तिला हसू आलं नाही. “मंग सांगा ना मालकाले,” ती म्हणाली.

त्याचं हसू विरलं. “आता कसं सांगू? ते पोरगी गाडीत बसून गेली बी पाहुन्यायसंग. च्या घ्या, बाई.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण रागवायचं कुणावर? ग्रेसनं तर चांगलंच बोलून ठेवलं होतं, आणि ती आता सात समुद्रापार. अश्वजितच्या हातात काही नव्हतं. चार हिवाळे घासून एक वाक्य तिनं स्वतःच्या अकलेनं बनवलं होतं, आणि नेमकं तेच नडलं होतं. चहा तसाच ठेवून ती उठली.

“या बाई परत,” अश्वजित सवयीनं म्हणाला.

उंबऱ्यावर ती वळली. “जातो मी,” ती म्हणाली.

“बाई, असं नोका म्हनू,” म्हणत अश्वजित खुर्चीवरून उठला, पण तोवर ती फाटकाबाहेर पडली होती.