ओसरीवर बसवलेला चोर

संशय घेण्यात माझ्या धाकट्या दिरांचा हात धरेल असा माणूस चिचगडपासून गोंदियापर्यंत सापडायचा नाही. भाऊजी देवरीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळतात, आणि घरी आम्हाला. सासूबाईंच्या मोबाइलला त्यांनी इतका लांबलचक पासवर्ड घातला आहे की त्या माहेरी फोन लावायला शेजारी जातात. कोंबड्यांच्या खुराड्याला दोन कड्या आहेत. दुसरी, पहिलीवर लक्ष ठेवायला. भाजीवालीने सहज नाव विचारलं तरी म्हणतात, "कायले पायजे?"

अशा माणसाचं लग्न जमणं कठीणच. छत्तिशी ओलांडली, आणि सासूबाईंनी देवाशी बोलणं सोडलं. तेवढ्यात दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपल्यावर एक चांगलं स्थळ आलं. मुलीचे मामा आणि दोन काका घर पाहायला आले. ओसरीवर सतरंजी घातली, पाणी दिलं. नेमकी त्याच सकाळी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी मोठा दोष सापडल्याची बातमी आली होती, आणि भाऊजींचं जेवणावरही लक्ष नव्हतं. मामांनी प्रेमाने विचारलं, "काम कसा चालू आहे जी?"

आजवर त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. भाऊजी खुलले.

"आज लय मोठा भोक सापडला, मामाजी. पार गाभ्यात. बाहेरच्या चोराचा भेव नाही. ज्याले आपणच आत घेतला, ओसरीवर बसवला, पाणी देला, तोच हळूच उठून घराचा मालक होते."

मामांचा पेला ओठांपाशी थांबला. "मंग आता?"

"भोक बुजेपर्यंत कोणाले बसूच नाही द्याचा."

मी दाराआडून म्हणाले, "मशीनचं सांगून राहिले ते." पण माझा आवाज माझ्याच कानापर्यंत जेमतेम पोचतो.

"आमी घर पाहाले आलो होतो, लुटाले नाही," म्हणत मामा उठले. काकाही उठले. भाऊजी जीपपर्यंत मागे धावले. "तुमचा नाही मामाजी, ज्याले काही अधिकार नाही अशा साध्या माणसाचा सांगून राहिलो."

"म्हणजे मी कोण?" मामांनी विचारलं, आणि जीप गेली.

सासूबाई आत जाऊन निजल्या. भाऊजी सतरंजीच्या कडेला बसून राहिले.

"वहिनी, मी काही चुकीचा सांगतला का?"

"नाही."

"पोरगी कॉम्प्युटरच शिकली आहे म्हणे. तिले एका वाक्यात समजला असता."

मी पेले उचलले. आमच्याकडे घर पाहायला मुलगी येत नाही.