न दिसणारी ज्योत

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एक चूक केली. बर्नर पेटता ठेवून फळ्याकडे वळलो आणि त्याचं हवेचं छिद्र बंद करायला विसरलो. छिद्र बंद असलं की ज्योत पिवळी, ठळक दिसते. उघडं असलं की गॅसमध्ये हवा मिसळून ती निळी आणि फार तप्त होते. खिडकीतल्या उन्हात तर दिसतच नाही. माझ्या सहकारी वैद्यबाईंनी तिच्यावरून हात नेला आणि त्यांचं मनगट भाजलं.

"बघून हात घालावा ना, बाई," मी वर्गासमोर म्हणालो. तेव्हापासून मुलं त्यांच्या पाठीमागे "बघून, बाई" म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रसायनं ज्योतीत धरल्यावर दिसणारे रंग पारखायला स्वतःचा रंग नसलेली ज्योत हवी होती, म्हणून हा बर्नर घडला. काल मी एकटाच तो पेटवून, छिद्र उघडं ठेवून त्याच्यासमोर उभा होतो. नळीच्या तोंडाशी काहीच दिसत नव्हतं. फक्त मंद घुरघुर येत होती आणि मागच्या भिंतीवरचा तक्ता पाण्यात बुडाल्यासारखा हलत होता. तिथे कुणीतरी उभं राहून श्वास घेतंय, असं वाटलं. मी मागे सरकलो. बाईंना तर तेवढीही संधी मिळाली नव्हती.

आज भरल्या वर्गात त्यांना म्हणालो, "वैद्यबाई, छिद्र मी उघडं ठेवलं आणि दोष तुम्हाला दिला. मला माफ करा."