कापड उचललं की सभा संपली

सभेच्या दिवशी टेबलमामांचा दिवस पहाटे चारला सुरू होई. गाव कूस बदलत असे तेव्हा मामा मंडळाच्या गुदामात उभे असत. दिवा लगेच लावायचा नाही, हा त्यांचा नियम. आधी हातानं चाचपायचं. टेबलाचे तीन तुकडे, चार पाय, नटबोल्टांची पिशवी, घडी घातलेलं निळं कापड. सगळं जागच्या जागी आहे हे हाताला कळलं की मग दिवा. ज्याला स्वतःचं सामान अंधारात सापडत नाही त्यानं उजेडातही काम करू नये, असं ते म्हणत.

डोंगरालगतच्या विखुरलेल्या गावांचं मिळून एक मंडळ होतं. रस्ते, पाणी, शाळांची छपरं, गुरांचा दवाखाना, सगळं त्याच्याकडे. सभा दर महिन्याला वेगळ्या गावात. पूर्वी ज्या गावात सभा त्या गावाचं टेबल, आणि टेबलाच्या डोक्याशी कोण बसणार यावर अर्धा दिवस भांडण. शेवटी मंडळानं स्वतःचं गोल टेबल करून घेतलं. सुतार म्हणाला होता म्हणे, ‘‘घ्या, याला डोकंच नाही. आता डोकेदुखीही नाही.’’

दुसरं भांडण सभा कधी संपते याचं. जो अध्यक्ष हरायला लागे तो ‘सभा संपली’ म्हणून चपला घालून चालू लागे. त्यावरही जुन्या माणसांनी तोड काढली. टेबलावर कापड अंथरलं की सभा सुरू. कापड उचललं की सभा संपली, मग कोणी कितीही ओरडो. आणि कापड उचलायचं त्यानं, ज्याला मत नाही. म्हणजे टेबल वाहणाऱ्यानं.

ते काम मामांकडे आलं तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या गड्यानं एवढंच शिकवलं होतं, ‘‘चहा झाला की कापड उचलायचं. डाग पडला आणि वाळला तर जन्मभर जात नाही.’’ मामांनी ते गाठीला बांधलं. चहा बाहेर अंगणात स्वतः करायचा, कप स्वतः फिरवायचे, शेवटचा कप रिकामा झाला की कप गोळा करायचे आणि एका झटक्यात कापड उचलायचं. सुरकुती नाही, थेंब नाही. बघणाऱ्याला वाटे, हात फिरला की वारा.

असं सगळं चोख असून मामा अजून रोजंदारीवरच होते. कायम करण्याचा अर्ज मंडळाकडे पडून होता, आणि त्या अर्जाला त्यांच्या बापाचे दात अडकले होते.

बाबा आयुष्यभर रस्त्याची खडी फोडत आले. दगड फोडता फोडता वय झालं आणि तोंडात एक दात उरला नाही. भाकरी दुधात कुस्करून, भाजी वाटून. त्याचं त्यांना फार दुःख नव्हतं. दुःख बोलण्याचं. माणूस मुलखाचा बोलका. आता बोलले की शिट्टी वाजे, आणि समोरचा ‘काय? काय?’ करी. मग त्यांनी पारावर जाणंच सोडलं. हसू आलं तरी तोंडावर हात धरीत. शेजारीण एकदा सहज म्हणाली, ‘‘बाबा, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असंच असतं हो.’’ बाबा म्हणाले, ‘‘आमच्याकडे चणे आहेत. दातांचंच बघा.’’ तिला फक्त शिट्टी ऐकू आली.

तालुक्याचा दाताचा डॉक्टर कवळी हप्त्यांवर करून द्यायला तयार होता, पण कायम नोकरीचा दाखला मागत होता. रोजंदारीच्या माणसाचा भरवसा काय, आज आहे, उद्या नाही. त्याचंही बरोबरच होतं. घोडं अडलं होतं ते मंडळात. दर सभेनंतर मामा सचिवबाईंना विचारीत, ‘‘बाई, माझा विषय?’’

‘‘राहिला हो मामा. या वेळी पण राहिला.’’

मामा मान हलवीत आणि टेबल सोडवायला घेत. मनात म्हणत, द्यायचं नसेल तर तसं सांगावं. राहिला कसा? माणसाचा हात कामात असला तर काही राहत नाही.

आणि घरी पोचताच बाबा विचारीत, ‘‘झाला का कायम?’’ एवढं मात्र शिट्टीतूनही स्पष्ट ऐकू येई.

एका सभेच्या आदल्या दिवशी मेहुण्याची कंबर धरली. टेबलाची दुसरी बाजू उचलायला तोच असे. मामांना दया आली नाही. ‘‘कितीदा सांगितलं, वाकून उचलू नये. बसावं आणि उठावं. ओझं मांडीनं उचलतात, कमरेनं नाही.’’

‘‘भावजी, आता शिकवताय?’’ मेहुणा पालथा पडून म्हणाला.

‘‘आता ऐकशील म्हणून.’’

मग मामी निघाल्या. पदर खोचला, टेबलाशी बसल्या आणि तुकडा घेऊन अशा उठल्या की मामा बघत राहिले. ‘‘बघताय काय? धरा तिकडून,’’ मामी म्हणाल्या. ‘‘घरात पाण्याचे हंडे काय आपोआप उडत येतात?’’

सभा एका शाळेच्या खोलीत होती. टेबल जोडून झालं, कापड अंथरलं, सभासद बसले. मामा अंगणात स्टोव्हशी गेले, मामी सावलीला म्हणून आतच दाराशी बसल्या. इतक्या वर्षांत घरातलं कोणी सभेच्या वेळी आत बसल्याची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी परत येताना टेंपोत मामी पुढे बसल्या होत्या. ओढा उतरून टेंपो चढाला लागला आणि त्यांना हसू फुटलं. साधं नव्हे, डोळ्यांना पदर लावून, पुढच्या फळीला धरून.

‘‘काय झालं?’’

‘‘अहो, तुमचा विषय कोण राहू देतं माहीत आहे?’’

‘‘कोण? ते गिरणीवाले सभासद ना? मला संशय होताच.’’

‘‘तुम्ही!’’

मामांनी टेंपो बाजूला घेतला. मामींनी हसू आवरत आवरत सांगितलं. सभेत आधी रस्ते, मग पाणी, मग शाळा, आणि माणसांचे विषय सगळ्यात शेवटी, अशी रीत. अध्यक्षबाई म्हणाल्या, चहा मागवा, आणि चहानंतर मामांना कायम करण्याचा विषय घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालंही, बिचाऱ्याचं या वेळी करून टाकू. तेवढ्यात मामा चहा घेऊन आत आले. सगळे चहा प्याले. आणि मामांनी कप गोळा करून झटक्यात कापड उचललं. सभा संपली.

‘‘मग ते बोलले का नाहीत?’’

‘‘काय बोलणार? कापड उचललं ना तुम्ही! सगळे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, मामांना घाई आहे, ओढा उतरायचा असतो उजेडी.’’

मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. पूर्वी चहा सभेच्या शेवटी असे. मधे कधीतरी सभासदांना पेंग येऊ लागली म्हणून तो अलीकडे सरकला. त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी कोणाला विचारलं नाही. त्यांना वाटे, काम संपलं म्हणून चहा मागवतात. सभासदांना वाटे, मामांना जायचं आहे म्हणून कापड उचलतात. दोन्हीकडून भिडस्तपणा, आणि मधे बाबांचे दात.

‘‘म्हणजे माझ्या पायावर धोंडा मीच...’’

‘‘दर महिन्याला. आणि काय सफाईनं!’’ मामींना पुन्हा उमाळा आला. आता मामाही हसले. टेंपो चालू करायला त्यांना बराच वेळ लागला.

‘‘सचिवबाईंना सांगा, विषय वर घ्या म्हणावं,’’ मामी घर जवळ आल्यावर म्हणाल्या.

‘‘रस्त्यापाण्याच्या पुढे मी माझं घोडं दामटू? ते नाही. त्यात काय एवढं? पुढच्या वेळी कापड उचलायचं नाही, झालं.’’

बोलायला सोपं होतं. मामांना काम करता येत होतं. काम न करणं त्यांना कधी जमलं नव्हतं. मामींना ते पक्कं माहीत होतं. म्हणून मेहुण्याची कंबर सुटली तरी पुढच्या सभेला त्याच गेल्या. ‘‘अजून थोडी आखडलेलीच आहे त्याची,’’ असं त्यांनी परस्पर सांगून टाकलं. मेहुण्यानंही विरोध केला नाही.

त्या वेळी सभा दूध संकलनाच्या खोलीत होती. रस्ते झाले. पाण्यावर वाद झाला. चहा आला, गेला. मामांनी कप गोळा केले, पाटीत ठेवले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सभासद सवयीनं अर्धे उठले होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. कापड होतं. ते पुन्हा बसले. चहानंतर सभेत काय करायचं असतं हेच कोणाला आठवेना.

‘‘मामा, बरं नाही का?’’ गिरणीवाल्यांनी विचारलं. पिठाची गिरणी चालवणारे हे सभासद मनानं वाईट नव्हते, पण प्रत्येक गोष्टीत एक खडा शोधण्याची त्यांना धंद्याची सवय.

‘‘बरा आहे की.’’

‘‘मग कापड?’’

‘‘आहे तिथंच आहे.’’

दाराशी मामींनी तोंडात पदर धरला. अध्यक्षबाई सावध झाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि घाईनं वाचलं, ‘‘पुढचा विषय. टेबलमामांना कायम सेवेत घेणे. बोला.’’

‘‘बोलतो,’’ गिरणीवाले म्हणाले. ‘‘माझा विरोध नाही. पण एकदा कायम झाला की माणूस ढिला पडतो, हे मी जगात पाहिलंय. आता हेच बघा. इतकी वर्षं चहा झाला की कापड वर. आज नुसता विषय निघायचा होता, तर मामा भिंतीला टेकले!’’

सभासद हसले. मामांची कानशिलं तापली. उपाशी ठेवा, रोजंदारीवर ठेवा, पण ढिला म्हणू नका. त्यातच कोणाच्या तरी कपाखालचा एक थेंब निळ्या कापडावर पसरत चालला होता, तो त्यांना मघापासून दिसत होता. त्यांचे हात शिवशिवले. ते भिंतीपासून सुटले, टेबलाशी गेले, आणि कापडाची कड त्यांच्या चिमटीत आली.

एक झटका, आणि ढिलेपणाचा आरोप पुसला गेला असता. आणि बाबांनी आणखी महिनाभर तोंडावर हात धरला असता.

‘‘अहो!’’ दारातून मामी म्हणाल्या. सभेत बाहेरच्यानं बोलायचं नसतं, पण त्या सभेशी बोलतच नव्हत्या. ‘‘तुमच्यासमोरचा पाय हलतोय. धरा तो, टेबल बसेल खाली!’’

मामांची चिमूट सुटली. टेबल बसेल म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. ते खाली शिरले आणि पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून उकिडवे बसले.

पाय हलत नव्हता. हलेल कसा? सकाळी त्यांनीच आवळला होता. त्यांनी पुन्हा तपासला, बोल्ट चाचपला, नट चाचपला. भोवती नुसत्या चपला, बूट आणि पायजमे.

‘‘गिरणीवाले,’’ वरून अध्यक्षबाईंचा आवाज आला, ‘‘तुम्ही ढिला म्हणालात तो माणूस आपलं टेबल हातांवर धरून बसलाय.’’

‘‘मला कळलं हो,’’ गिरणीवाले म्हणाले. ‘‘उचला हात सगळ्यांनी लवकर, मामांच्या गुडघ्यांवर दया करा. हा माझा आधी.’’

मत कसं पडलं ते मामांना दिसलं नाही. खाली फक्त एवढं दिसलं, की हात उंच करताना सगळ्यांच्या टाचा जराशा उचलल्या.

‘‘मामा, या बाहेर,’’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘‘कायम झालात.’’

मामा बाहेर आले, घाम पुसला आणि थेट दाराकडे बघून म्हणाले, ‘‘पाय पक्का आहे की.’’

‘‘मला माहीत आहे,’’ मामी म्हणाल्या.

सगळी खोली हसत होती. मामांनी मान लववून सभेला नमस्कार केला, आणि इतका वेळ कोंडलेल्या हातांनी एका झटक्यात कापड उचललं. सुरकुती नाही. हात फिरला की वारा.

‘‘अरे! अरे!’’ गिरणीवाले ओरडले. ‘‘माझा विषय राहिला! गिरणीच्या वाटेचा!’’

पण कापड मामांच्या खांद्यावर होतं, मग कोणी कितीही ओरडो. मामा लाजले, हात जोडले. गिरणीवाले थोडा वेळ पेटले, मग स्वतःच हसू लागले, आणि टेबलाचा एक तुकडा टेंपोपर्यंत धरायला आले. वाकून उचलला. मामांनी त्यांना तिथंच थांबवलं आणि बसून उठायला लावलं.

घरी पोचताच बाबांनी विचारलं, ‘‘झाला का कायम?’’

‘‘झालो.’’

‘‘काय?’’ बाबा म्हणाले. त्या घरात ‘काय?’ विचारण्याची त्यांची ही पहिलीच पाळी. मामींनी त्यांच्या कानाशी पुन्हा सांगितलं.

दाखल्यावर सही-शिक्का झाला. डॉक्टरनं माप घेतलं, कवळी घडली, आणि पगारातून हप्ते सुरू झाले. बाबा पहिले काही दिवस कुरकुरले: टोचते, सैल आहे, घोड्याचे दात बसवलेत. डॉक्टरनं दोनदा घासून दिली. बाबा शेजारी उभे राहून कानस कशी चालते ते बघत होते. दगडाचं काम केलेला माणूस, दुसऱ्याच्या हाताला सहज चांगलं म्हणणारा नव्हे. तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंड मिटलं, उघडलं, दातांवर दात आपटले आणि पहिल्यांदाच शिट्टीशिवाय म्हणाले, ‘‘आता बसलं. हात बरा आहे तुमचा.’’

घरी येऊन त्यांनी मामींना सुरी मागितली नाही. हिरवा, कडक पेरू उचलला, कचकन चावला, आणि तोच चघळत, चावलेली बाजू सगळ्यांना दाखवत पारावर गेले. दिवेलागणीपर्यंत आले नाहीत. मामा बोलवायला गेले तेव्हा बाबांचं बोलणं वळणावरूनच ऐकू येत होतं, शब्दन् शब्द.