पडद्यावर उडालेली फुलं

माझी एक वाईट खोड होती. मी केलेली वेबसाइट कुणाला वापरता आली नाही, की मी त्या माणसालाच नावं ठेवायचे. पुण्यातली नोकरी सोडून सोलापूरला परत आले, तेव्हा ही खोडही सामानाबरोबर आली.

इथलं पहिलं काम मिळालं चादरी-टॉवेलच्या एका जुन्या दुकानाचं. वेबसाइट देखणी केली होती, आजही म्हणेन. लांबी, रुंदी, वजन, सुताचा प्रकार, सगळं नीट लावलेलं. ऑर्डर पूर्ण झाली की पडद्यावर झेंडूची फुलं उडायची आणि खाली अक्षरं यायची, ‘अभिनंदन! आनंद साजरा करा.’ त्या फुलांपायी मी दोन दिवस घालवले होते. पण लोक यायचे, शोधायच्या चौकटीत काहीतरी लिहायचे आणि निघून जायचे. मालकांनी सांगून टाकलं, "लग्नसराई संपूस्तोवर बघू. न्हाईतर बंद करू, ताई." हे काम गेलं असतं तर गावात दुसरं कुणी मला दारात उभं केलं नसतं.

अशात एका सकाळी मी दुकानात गेले होते, तेव्हा तिथला फोन वाजला. मीच उचलला. सांगोल्याहून एक बाई बोलत होत्या, आवाजावरून साठीच्या पुढच्या.

"ती वेबसाइट कुणी केलीया?"

"मी केलीय," मी जरा ऐटीतच म्हणाले.

"माझा भाऊ गेलाय, बाई. परवा तेरावं हाय. गुडघ्यामुळं मला येववत न्हाई, म्हणून मोबाइलवरनं भाच्यांसाठी दुखवटा मागवला. आन् तुमी माझं अभिनंदन करताय? फुलं उडवताय व्हय?"

घरातलं माणूस गेलं की सोयरेधायरे त्या घरच्यांना टॉवेल-टोपी, साडी देतात, तो दुखवटा. मी इथलीच. माझे वडील गेले तेव्हा आमच्याही घरात अशा टॉवेलांची चळत लागली होती. माहीत नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणणार? पण कॉम्प्युटरसमोर बसले की टॉवेल म्हणजे लांबी, रुंदी आणि वजन, एवढंच माझ्या डोक्यात उरायचं. "चुकलं माझं, मावशी," एवढंच म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. पार्सल त्याच दुपारी एसटीनं सांगोल्याला पाठवलं.

मग लोक काय काय शोधतात त्याची यादी उघडली. आजवर ती मी नुसती वरवर चाळायचे. मावशींनी आधी ‘दुखवटा’ लिहिलं होतं. मग ‘भावाचं तेरावं’. मग ‘तेराव्याला द्यायचा टॉवेल’. दर वेळी माझी वेबसाइट त्यांना सांगत होती, ‘काहीही सापडले नाही. लग्नाच्या खास सवलती पाहा.’ शेवटी एकेक पान चाळत त्यांनी टॉवेल शोधले होते. यादीत वरखाली दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं. ‘व्याह्यांचा मानपान’, ‘बारशाला काय न्यावं’, ‘वास्तुशांत पाच जोड’. वजन कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या घरात काय चाललंय ते ही माणसं मला सरळ सांगत होती, आणि मी त्यांना अडाणी ठरवत होते. फार लाज वाटली.

दुकानाच्या काउंटरवर एक मामा होते. विणकराच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे, उभा जन्म गिऱ्हाइकात गेलेला. मी आठवडाभर त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. ‘काय दाखवू?’ असं मामा कधीच विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "काय कार्य हाय?" लग्न म्हटलं की धडाधड गठ्ठे सोडायचे, रंग पसरायचे, नवरदेवाची चेष्टा करायचे. एकदा मंगळवेढ्याकडचे दोघं भाऊ आले आणि त्या प्रश्नावर नुसतेच खाली बघत राहिले. मामांनी समोरचे रंगीत ढीग बाजूला सारले. खालच्या फळीवरचे पांढरे टॉवेल काढले, चकचकीत पिशवी न देता साध्या कागदात बांधून हातात दिले. एरवी प्रत्येकाला ‘परत या’ म्हणायचे, या दोघांना म्हणाले नाहीत.

"त्यांना ‘परत या’ का नाही म्हणालात?" मी नंतर विचारलं.

"दुखवट्याला परत या कसं म्हणायचं, पोरी?"

इतकी वर्षं मी हेच काम करत होते, पैसे भरून शिकले होते. ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. मामांनी ती चहा पिता पिता देऊन टाकली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि रागावून फोन करणाऱ्या मावशींचेही. त्यांनी गप्प बसून सोसलं असतं, तर माझी फुलं अजून उडतच असती.

मी वेबसाइट बदलली. अगदी वर एकच प्रश्न ठेवला, ‘काय कार्य आहे?’ दुखवटा लिहिलं की जाहिराती नाहीत, अभिनंदन नाही. पांढरे टॉवेल, टोप्या, साध्या साड्या, आणि शेवटी एक ओळ, ‘तेराव्याच्या आधी पोचवतो.’ हळूहळू ऑर्डरी यायला लागल्या. लग्नसराई संपली, तरी मालकांनी बंद करायचं नाव काढलं नाही. माझं स्टूलही काउंटरशेजारीच राहिलं.

काही महिन्यांनी सांगोल्याहून ऑर्डर आली. पत्ता बघताच ओळखला. कार्याच्या जागी मावशींनी लिहिलं होतं, ‘भाच्याच्या लेकीचं बारसं’. खाली दुकानाला निरोप लिहायची जागा असते. तिथं लिहिलं होतं, ‘आता उडवा फुलं.’