भिवाजी मिस्त्रीने अडवलेला माणूस

कडावच्या बौद्धवाडीतला भिवाजी गवंडी १९७७ साली अडतीस वर्षांचा होता. काळ्या दगडाचं बांधकाम करावं तर त्यानेच, असं कर्जतपासून खालापूरपर्यंत बोललं जाई. दिवाळीआधी मुंबईच्या एका एजंटाने त्याच्याकडून दहा फूट भिंत बांधून घेतली, वळंब्याची दोरी सोडून ती सरळ आहे का ते पाहिलं आणि मस्कतचं दोन वर्षांचं काम ठरवलं. अट एकच होती. जानेवारी संपायच्या आत पासपोर्ट हातात हवा. अर्ज गेला होता, चौकशी व्हायची होती. पोलीस ठाण्याचा जमादार गावात येणार, माणूस कसा आहे ते चौघांना विचारणार आणि शिफारस लिहिणार. दोन महिने झाले तरी जमादार आला नव्हता.

पोलीस पाटील रामभाऊ भेटला की म्हणे, "भिवाजी, तुझं चारित्र्य तपासायचं हाय रं. दाढी करत जा रोजच्या रोज."

डिसेंबरात डीटर आला. पश्चिम जर्मनीचा, चोवीस वर्षांचा. कोंडाण्याची लेणी पाहून चालत निघाला होता. दूध सोसायटीच्या खोलीचं बांधकाम दिसलं तसा थांबला, पिशवीतून स्वतःची थापी काढली आणि म्हणाला, "मैं भी मिस्त्री." त्यांच्याकडे रीत होती की धंदा शिकून झाला की गवंड्याने तीन वर्षं घराबाहेर हिंडायचं, मिळेल तिथे काम करायचं. जेवण आणि पडवीत झोपायला जागा, एवढ्यावर तो भिवाजीच्या हाताखाली राहिला.

विटेत तो बरा असावा. काळ्या दगडात कच्चा होता. दगडाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हे त्याला कळत नसे. संध्याकाळी भिवाजी त्याचा थर काढून पुन्हा लावी.

एका दुपारी भिवाजीने बांधकामावरच्या हिंदीत विचारलं, "कितने देश घूमा?"

डीटरने बोटं मोजली. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान. दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. त्याने पासपोर्टचं हिरवट रंगाचं पुस्तक काढून शिक्के दाखवले.

"इतने जगह किसने छोड़ा तुमको?"

हा प्रश्न डीटरला कळला नाही. भिवाजीने तो तीनदा विचारला. शेवटी डीटर म्हणाला, "पैर है. चला."

त्या रात्री भिवाजी नीट जेवला नाही. बायको सुंदरा म्हणाली, "पोरगं पाव्हना हाय. त्याच्यावर का जळता?"

"पाव्हना नाय, मिस्त्री हाय. आन् वळंबा बी धरता येत नाय त्याला."

"मंग तर जळायचं कारनच नाय."

"तेच तर कारन हाय," भिवाजी म्हणाला.

दोन दिवसांनी डीटर ओढ्यावर अंघोळीला गेला. कोट भिंतीवर ठेवला होता, पुस्तक कोटाच्या खिशात होतं. दगडी भिंतीत दोन्ही तोंडांच्या मध्ये पोकळी राहते, ती दगडाच्या चिपा आणि चुन्याने भरतात. भिवाजीने पुस्तक सिमेंटच्या पिशवीच्या कागदात गुंडाळलं, पोकळीत सरकवलं, वर चिपा ठोकल्या आणि पुढचा थर लावला. विकायचा विचार त्याच्या मनात नव्हता. पासपोर्ट माणसाला जन्मात एकदा मिळाला तर मिळतो, अशीच त्याची समजूत होती. पासपोर्ट गेला की हा पोरगाही आपल्यासारखाच कडावात अडकेल. मग जमादाराची वाट दोघे मिळून पाहतील.

डीटरने अर्धा तास शोधलं. मग मान खाजवली आणि हसला. "बंबई जाता. नया लाता."

"कौन देगा तेरे को?"

"मेरे देश का ऑफिस."

"और गाँव में चौकशी?"

"कौन सा गाँव?"

कर्जतच्या पोलिसांत हरवल्याची खबर देऊन तो गेला. नवव्या दिवशी पिशवी न्यायला परत आला. नवं कोरं पुस्तक त्याने सगळ्यांना दाखवलं, त्यातला ताजा फोटोही. सुंदराने भाकरी बांधून दिली. भिवाजी चुना कालवायच्या परातीवरून उठला नाही. डीटरने हात पुढे केला तेव्हा त्याने चुन्याचे हात दाखवले.

जानेवारीच्या मध्याला जमादार सायकलवरून आला. त्याच्याकडे दोन कागद होते. एक परदेशी इसमाच्या गहाळ पासपोर्टचा, दुसरा भिवाजीच्या अर्जाचा. सोसायटीच्या ओट्यावर बसून त्याने दोन्ही मांडीवर ठेवले.

"गावानं चांगलं सांगितलंय तुझं," तो म्हणाला. "पण वस्तू तुझ्या कामावरून गेलीय. हा कागद उघडा असताना दुसऱ्यावर मी काय लिहू? कुठं चिपांत-मातीत पडलेलं गावलं असंल तर आन. गावलं म्हनून लिहितो, दोन्ही कागद आजच मिटवतो."

रामभाऊ म्हणाला, "बघ की रं जरा. मस्कत हुकंल तुझं."

भिवाजीने भिंतीकडे पाहिलं. भिंत चौकटीच्या वर गेली होती. पुस्तक कमरेच्या उंचीला होतं, भरावाच्या आत. तिथे कुठलीही वस्तू पडून जात नाही, ती ठेवावी लागते, हे गवंडी नसलेल्यालाही कळलं असतं. पहारीचे चार घाव आणि मस्कत. पण घाव चौघांसमोर घालावे लागले असते.

"नाय गावलं," तो म्हणाला.

जमादाराने पेन काढलं.

"सायेब, एक इचारू? त्या पोराला नवं दिलं, तवा त्याच्या गावात कोन गेलं चौकशीला?"

"कोन जानार? त्यांच्याकडं लागत नसंल."

"त्याच्यापरीस माझं काम चांगलं हाय."

"कामाचा रकाना नाय ह्यात," जमादार म्हणाला आणि लिहू लागला: शिफारस करता येत नाही. खाली भिवाजीने चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात सही केली.